विश्लेषण : ‘ओळखा पाहू, आम्ही कोण?’ न्यूफाउंडलंडच्या नाताळात मुखवट्यांना एवढे महत्त्व का?

नाताळ म्हटले की केक, चांदण्या, गव्हाणीचा देखावा आणि सांताक्लॉज डोळ्यांसमोर येतो. कॅनडाच्या पूर्व टोकाला असलेल्या न्यूफाउंडलंड बेटावर मात्र २५ डिसेंबर उलटला की वेगळाच खेळ सुरू होतो. तोंडावर उशीचा अभ्रा, पाठीला उशी बांधून काढलेले कुबड, पुरुषाच्या अंगात बाईचा झगा, बाईच्या अंगात कोळ्याचा मेणकापडी कोट आणि डाव्या पायात उजवा गमबूट, अशा अवतारातली माणसे रात्री शेजाऱ्यांच्या दारावर थाप मारतात. ती कोण आहेत, हे घरच्यांनी ओळखायचे. या प्रथेला ‘ममरिंग’ म्हणतात. तिच्यावर एकदा कायद्याने बंदी आली आणि पुढे ती जपणाऱ्या गावांवरच गदा आली. तरीही ती आज त्या बेटाची ओळख बनली आहे. ही प्रथा काय आहे, ती का ओसरली आणि परत आली ती कोणत्या रूपात, याचा हा आढावा.

हे बेट कोठे आणि तेथे राहते कोण?

न्यूफाउंडलंड हे उत्तर अटलांटिकमधील बेट सुमारे एक लाख नऊ हजार चौरस किलोमीटरचे, म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहून थोडे मोठे आहे. मुख्य भूमीवरील लॅब्राडोर आणि हे बेट मिळून कॅनडाचा एक प्रांत होतो. २०२१ च्या जनगणनेनुसार या संपूर्ण प्रांताची लोकसंख्या ५ लाख १० हजार ५५० होती. येथील घड्याळही भारतासारखेच अर्ध्या तासाच्या हिशेबाने चालते. हिवाळ्यात मुंबईत रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा राजधानी सेंट जॉन्समध्ये दुपारचे बारा वाजलेले असतात.

कॅनडात हे बेट सामील झाले ते ३१ मार्च १९४९ रोजी. त्याआधी ती ब्रिटिश साम्राज्यातील वेगळी वसाहत होती. येथे स्थायिक झालेल्यांपैकी बहुतेकांचे पूर्वज दोन भागांतून आले : नैर्ऋत्य इंग्लंडमधील डॉर्सेट, डेव्हन हे परगणे आणि आग्नेय आयर्लंडमधील वॉटरफर्ड, वेक्सफर्डचा परिसर. त्यांना येथे ओढून आणले कॉड माशाने. किनाऱ्याच्या प्रत्येक खाचेत, प्रत्येक छोट्या खाडीत कोळ्यांची वस्ती झाली. अशा वस्तीला तेथे ‘आउटपोर्ट’ म्हणतात. अनेक आउटपोर्टना विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रस्ता नव्हता. पंचवीस-तीस घरे, एक चर्च, एका व्यापाऱ्याचे दुकान आणि समोर समुद्र एवढेच गाव. अशा गावात कोणाचे काय चालले आहे, हे साऱ्यांना ठाऊक असते. पुढचा सगळा खेळ या एका गोष्टीवर उभा आहे.

‘ममरिंग’ची रीत कशी असते?

पारंपरिक नाताळ येथे एका दिवसाचा नव्हे, बारा दिवसांचा. २६ डिसेंबर, म्हणजे सेंट स्टीफनचा दिवस, ते ६ जानेवारी हा ममरिंगचा काळ. ६ जानेवारीला तेथे ‘ओल्ड ख्रिसमस डे’, म्हणजे जुना नाताळ म्हणतात. १७५२ मध्ये ब्रिटनने आणि त्याच्या वसाहतींनी नवे कॅलेंडर स्वीकारताना तारखा अकरा दिवसांनी पुढे सरकवल्या. जुन्या नाताळाची आठवण मात्र नावापुरती राहिली.

या दिवसांत सेंट जॉन्समध्ये सूर्य दुपारी सव्वाचारच्या सुमारास मावळतो. होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात आणि मासेमारी थांबलेली असते. रविवार सोडून कोणत्याही रात्री चार-सहा जणांचे टोळके सोंग घेऊन निघते. या सोंगाड्यांना कोठे ‘ममर’ म्हणतात, तर कोठे ‘जॅनी’. सोंगासाठी बाजारातून काही आणायचे नसते. घरातले जुनेपाने कपडे एकावर एक चढवायचे, आतले कपडे बाहेरून घालायचे, तोंडावर अभ्रा किंवा खिडकीचा जाळीदार पडदा ओढायचा. हातमोजे हवेतच, कारण कोळ्याच्या हातावरचे वण आणि राबलेली बोटे त्याचे नाव लगेच सांगतात.

दारावर थाप मारणे हाही सोंगाचाच भाग. आउटपोर्टमध्ये शेजारी थाप मारत नाही, तो सरळ दार लोटून स्वयंपाकघरात येऊन बसतो. थाप मारतो तो परका. म्हणून ममर थाप मारतात आणि बदललेल्या आवाजात विचारतात, ममर्सना आत घेता का? आवाज बदलण्याची त्यांची युक्ती मोठी मजेशीर आहे. ते श्वास बाहेर सोडत नव्हे, तर आत ओढत बोलतात. तसे बोलून पाहिले तर लक्षात येते, की स्वतःचाच आवाज स्वतःला परका वाटतो.

ओळखण्याच्या खेळाचे नियम काय?

आत आलेले ममर नाचतात, धुडगूस घालतात, घरच्यांच्या खोड्या काढतात. एरवी लाजाळू असलेला माणूस अभ्र्याआड चेकाळतो. बायका पुरुषांसारख्या ढांगा टाकत चालतात, पुरुष बायकांसारखे मुरडतात. कधी त्यांच्यासोबत ‘हॉबी हॉर्स’ असतो, म्हणजे लाकडी घोड्याचे तोंड. दोरी ओढली की त्याचा जबडा खटकन मिटतो आणि त्याला पाहून मुले पळ काढतात. सोबतीला अकॉर्डियन किंवा ‘अग्ली स्टिक’ नावाचे घरगुती वाद्य असते. मॉपचा दांडा, त्याला खालून जुना बूट, मध्ये ठोकलेली बाटल्यांची झाकणे आणि एखादा पत्र्याचा डबा, एवढ्यावर ते तयार होते आणि जमिनीवर आपटून वाजवले जाते.

घरचे लोक अंदाज बांधत राहतात. चालण्याची ढब, खांद्याचा झोक, हसण्याची लकब यांवरून नावे घेतली जातात. नाव बरोबर निघाले, की त्या ममरने अभ्रा काढायचा. मग तो पुन्हा शेजारी होतो. त्याला फळांचा केक, गोड सरबत किंवा रमचा पेला मिळतो, गप्पा होतात आणि टोळके पुढच्या घराकडे वळते. एखादा अखेरपर्यंत ओळखूच आला नाही, तर घरचे कासावीस होतात. इतकी वर्षे शेजारी राहून आपल्याला माणूस ओळखता आला नाही, ही बोच असते.

गमतीला भीतीचीही किनार होती. ‘शहाण्यासारखा वाग, नाही तर ममर येतील’, असा धाक मुलांना वर्षभर दाखवला जाई. मुलांना धाक दाखवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अशा बागुलबुवांचा न्यूफाउंडलंडमधील लोकसंस्कृतीच्या अभ्यासकांनी स्वतंत्र अभ्यास केला आहे.

ही प्रथा आली कोठून?

मुळे इंग्लंड आणि आयर्लंडमधील लोकनाट्यात आहेत. तेथे नाताळच्या सुमारास सोंगाडे घरोघरी जाऊन छोटे नाटक करत. त्यात दोन वीर लढत, एक मरून पडे आणि मग एक भोंदू डॉक्टर येऊन त्याला जिवंत करी. स्थलांतरितांनी हे नाटकही न्यूफाउंडलंडला नेले. पण आउटपोर्टमध्ये नाटकापेक्षा ओळखण्याचा खेळच अधिक रुजला.

सोंगांचे या बेटाशी नाते त्याहूनही जुने आहे. १५८३ मध्ये सर हम्फ्री गिल्बर्ट यांनी सेंट जॉन्सच्या बंदरात इंग्लंडच्या राणीच्या नावाने या भूमीवर ताबा सांगितला. त्यांच्या मोहिमेचा वृत्तांत लिहिणारे एडवर्ड हेज यांनी जहाजांवर मॉरिस नर्तक आणि हॉबी हॉर्स असल्याची नोंद केली आहे. एकोणिसाव्या शतकात सेंट जॉन्समध्ये तर ममर्सच्या मोठ्या मिरवणुका निघत. त्यात रंगीबेरंगी फिती लावलेले ‘फूल’ असत आणि ते फुगवलेल्या चामडी पिशव्यांनी बघ्यांना बडवत. गंमत आणि मारामारी यांच्यातली रेषा तेव्हाही पुसट होती.

कायद्याने बंदी का आली?

२८ डिसेंबर १८६० रोजी बे रॉबर्ट्स या गावात आयझॅक मर्सर नावाच्या कोळ्यावर मुखवटे घातलेल्या टोळक्याने हल्ला केला. त्यात त्याचा जीव गेला. ते दिवस तणावाचे होते. इंग्रज प्रोटेस्टंट आणि आयरिश कॅथलिक यांच्यातील तेढ राजकारणात उतरली होती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात, निवडणुकीनंतरच्या दंगलीत सेंट जॉन्समध्ये सैनिकांच्या गोळीबारात माणसे मेली. मुखवट्याआड जुने हिशेब चुकते केले जातात, अशी तक्रार आधीपासून होतीच.

जून १८६१ मध्ये कायदा झाला. मॅजिस्ट्रेटच्या लेखी परवान्याशिवाय ममरच्या वेशात किंवा मुखवटा घालून घराबाहेर पडणे हा गुन्हा ठरला. त्यासाठी वीस शिलिंगपर्यंत दंड किंवा तो न भरल्यास सात दिवसांपर्यंत कैद अशी शिक्षा ठेवण्यात आली. शहरांतील मिरवणुका त्यानंतर हळूहळू थांबल्या. आउटपोर्टमध्ये मात्र पोलीसच नव्हते, तेथे कायदा राबवणार कोण? शिवाय शहरातला मुखवटा आणि गावातला मुखवटा यांत मोठा फरक होता. शहरात त्याच्याआड खरोखरच अनोळखी माणूस असू शकत होता. गावात त्याच्यामागे शेजारीच असणार, याची खात्री होती. त्यामुळे बंदीनंतरही शंभर वर्षे आउटपोर्टमधील ममरिंग चालूच राहिले.

मुळात मुखवट्याची गरज कशासाठी?

या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास १९६० च्या दशकात सेंट जॉन्सच्या मेमोरियल विद्यापीठात झाला. हर्बर्ट हॅल्पर्ट आणि जी. एम. स्टोरी यांनी संपादित केलेला ममरिंगवरील लेखसंग्रह १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो आजही या विषयाचा पाया मानला जातो. त्यातील अभ्यासकांनी दाखवून दिले, की लहान, एकाकी गावांत परक्या माणसाची भीती खोलवर असते. ममर हा क्षणभर परका होतो, भीती घरात आणतो आणि अभ्रा काढून ती घालवतोही.

मानववंशशास्त्रज्ञ जेराल्ड सायडर यांनी १९७६ मध्ये याला अर्थकारणाची जोड दिली. आउटपोर्टमधील कोळ्याच्या हातात रोख पैसा क्वचितच येई. वसंत ऋतूत व्यापारी त्याला जाळी, मीठ, पीठ, काकवी उधारीवर देई आणि मोसम संपताना खारवून वाळवलेला मासा आपल्या भावाने घेई. उधारी फिटली तर फिटली, नाही तर वही पुढच्या वर्षी चालू. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, ही म्हण या कोळ्यांना नेमकी लागू होती. पैसा नसलेल्या या व्यवस्थेत कोळ्याची खरी पुंजी होती ती सोबतची माणसे : कोणाच्या होडीत कोण बसणार, मासा साफ करायला कोणाच्या घरच्या बायका येणार. भाऊ, चुलते, मेहुणे यांच्या या जोडण्या वर्ष बदलताना नव्याने ठरत. म्हणजे वर्षभराचे रुसवेफुगवे मिटवायचे किंवा वेगळे व्हायचे ते याच सुमारास. नेमक्या त्याच दिवसांत सोंग घेऊन एकमेकांच्या घरी जाण्याची रीत असणे, हा सायडर यांच्या मते योगायोग नव्हता. एरवी तोंडावर बोलता न येणारे सोंगाच्या आडून बोलता येई आणि शेवटी अभ्रा काढून एकाच टेबलावर बसावे लागे.

रमसुद्धा याच व्यापारातून आलेली. हलक्या प्रतीचा खारवलेला कॉड कॅरिबियन बेटांवरील ऊसमळ्यांमध्ये गुलामांच्या जेवणासाठी जाई आणि परतीच्या जहाजांतून रम व काकवी येई. चांगल्या प्रतीचा मासा दक्षिण युरोपात विकला जाई. पोर्तुगालमध्ये नाताळच्या आदल्या रात्री ताटात असणारा ‘बाकाल्याव’ हा खारवलेला कॉडच, आणि पोर्तुगीजांमुळे गोव्यालाही तो परिचित आहे. पोर्तुगीज मच्छीमारांची जहाजे विसाव्या शतकातही या बेटाजवळच्या समुद्रात येऊन कॉड पकडत असत.

नाताळच्या आणखी कोणत्या प्रथा तेथे आहेत?

‘टिब्स ईव्ह’ ही त्यातली सर्वांत गमतीची. इंग्रजी बोलीत ‘सेंट टिबच्या आदल्या दिवशी’ याचा अर्थ ‘कधीच नाही’, कारण या नावाचा संत कॅलेंडरात नाही. आपल्याकडच्या दुकानातली ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी आठवावी, त्यातल्या ‘उद्या’सारखाच हा दिवस. न्यूफाउंडलंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लोकांनी मात्र त्याला तारीख देऊन टाकली : २३ डिसेंबर. नाताळपूर्वीचे ‘ॲडव्हेंट’चे आठवडे संयमाचे, त्यात मद्य वर्ज्य. तो नेम एक दिवस आधी मोडायला एक न येणारा दिवस कामी आला. आता हा दिवस सेंट जॉन्सच्या बारमध्येही जोरात साजरा होतो.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी अनेक घरांत खारवलेला मासा असे. सणाच्या जेवणात खारवलेले गोमांस, कोबी, गाजर, सलगम, बटाटे आणि फडक्यात बांधून उकडलेली वाटाण्याची डाळ असा एकाच पातेल्यातला बेत असतो. उकडलेले पुडिंग पातेल्यातून बाहेर काढताना घराबाहेर बंदुकीचा बार काढायची पद्धत काही गावांत होती. आयरिश वस्त्यांत २६ डिसेंबरला मुले ‘रेन’ या चिमणीहून लहान पक्ष्याची प्रतिकृती फांदीला बांधून घरोघर फिरत, गाणे म्हणत आणि पैसे गोळा करत.

या सगळ्या प्रथांत एक गोष्ट समान दिसते. सण घरात बसून साजरा होत नाही, तो दारोदार फिरतो.

मग ही प्रथा ओसरली कशी?

कायद्याला जे जमले नाही, ते विकासाच्या योजनेने केले. कॅनडात सामील झाल्यानंतर विखुरलेल्या आउटपोर्टना वीज, शाळा, दवाखाने पुरवणे सरकारला परवडेना. म्हणून १९५४ पासून पुनर्वसनाच्या योजना आल्या. गावकऱ्यांनी गाव सोडण्याच्या बाजूने कौल द्यायचा आणि सरकारने स्थलांतरासाठी पैसे द्यायचे, असे त्यांचे स्वरूप होते. १९५४ ते १९७५ या काळात सुमारे ३०० वस्त्यांमधील जवळपास ३० हजार लोक हलवले गेले. काहींनी आपली लाकडी घरे पिंपांवर तरंगवत, होड्यांनी ओढत नव्या गावाला नेली. घर नेता आले. शेजार नेता आला नाही. नव्या गावात चाल ओळखणारे कोणी नव्हते.

दुसरीकडे मासा गोठवण्याचे कारखाने आले. घरची होडी आणि घरच्या बायकांनी वाळवलेला मासा यांच्या जागी पगारी कामगार आला. रस्ते झाले, दूरचित्रवाणी आली, हिवाळ्याच्या रात्री घरातच सरू लागल्या. १९६० च्या दशकाअखेर अनेक ठिकाणी ममरिंग ही म्हाताऱ्यांच्या आठवणीतली गोष्ट झाली होती.

सर्वांत मोठा घाव बसला तो २ जुलै १९९२ रोजी. अतिमासेमारीमुळे कॉडचे साठे कोसळले होते. केंद्रीय मत्स्यव्यवसाय मंत्री जॉन क्रॉस्बी यांनी उत्तरेकडील कॉडच्या मासेमारीवर बंदी जाहीर केली. ती दोन वर्षांसाठी असल्याचे सांगितले गेले. एका दिवसात सुमारे ३० हजार लोकांची उपजीविका गेली. १९९१ मध्ये प्रांताची लोकसंख्या ५ लाख ६८ हजार होती, ती २००६ मध्ये ५ लाख ५ हजारांवर आली. तरुण मुले अल्बर्टातील तेलक्षेत्रात कामाला गेली. ज्या माशासाठी गावे वसली, तोच मासा संपला. कॉडवरील ती बंदी उठायला जून २०२४ उजाडले.

प्रथा परत कशी आली?

पुनरुज्जीवनाची सुरुवात गावात नव्हे, तर रंगमंचावर आणि रेडिओवर झाली. १९७२ मध्ये क्रिस ब्रुक्स आणि सहकाऱ्यांनी ‘ममर्स ट्रूप’ नावाची नाटकमंडळी स्थापन केली आणि जुने नाटक पुन्हा घरोघरी नेले. पुढे हीच मंडळी बेटाच्या राजकीय प्रश्नांवर नाटके करू लागली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला फॉर्च्यून बेच्या परिसरातील बड डेव्हिज आणि सिम सेव्हरी यांच्या ‘सिमानी’ या जोडीने ममर्सवर एक गाणे काढले. एका घरात नाताळच्या दिवसांत ममर येतात, नाचतात, खातात-पितात आणि निघून जातात, एवढाच त्याचा विषय. ते इतके लोकप्रिय झाले, की आज न्यूफाउंडलंडचा नाताळ त्याच्याशिवाय होत नाही. ज्यांनी कधीच सोंग घेतले नव्हते, त्यांनाही ममर म्हणजे काय हे या गाण्याने कळले.

२००९ मध्ये प्रांतातील वारसा संस्था आणि मेमोरियल विद्यापीठाच्या लोकसंस्कृती विभागाच्या पुढाकाराने सेंट जॉन्समध्ये ‘ममर्स फेस्टिव्हल’ सुरू झाला. हॉबी हॉर्स आणि अग्ली स्टिक बनवण्याच्या कार्यशाळा, जुन्या ममर्सच्या आठवणींचे कार्यक्रम आणि अखेरीस डिसेंबरमधली ममर्सची परेड, असे त्याचे स्वरूप आहे. परेडमध्ये लहान मुलांपासून आजी-आजोबांपर्यंत सारे सोंग घेऊन चालतात. एकेकाळी ज्या शहराने ममर्सच्या मिरवणुका बंद पाडल्या, तेथेच आता त्या मानाने निघतात. ममर्सच्या बाहुल्या, टी-शर्ट आणि नाताळच्या झाडावरची खेळणीही दुकानांत मिळतात.

गावच उरले नाही, तर?

फेस्टिव्हल सुरू झाल्यानंतरही गावे रिकामी होण्याचे थांबलेले नाही. बेटाच्या उत्तर किनाऱ्याजवळील लिटल बे आयलंड्स हे त्याचे ताजे उदाहरण. या छोट्या बेटावर जायला फेरीबोट हाच मार्ग होता. शाळा ओस पडली, खेकडा प्रक्रिया कारखाना बंद झाला. २०१५ मध्ये पुनर्वसनासाठी मतदान झाले. मंजुरीला ९० टक्के मते हवी होती, पडली ८९.४७ टक्के. म्हणजे एका मताने प्रश्न अडला. ज्या गावात सगळे एकमेकांना ओळखतात, तेथे ते एक मत कोणाचे याची कुजबुज किती जिव्हारी लागत असेल, याची कल्पना करता येते. २०१९ मध्ये पुन्हा मतदान झाले आणि या वेळी सर्वांनी जाण्याच्या बाजूने कौल दिला.

३१ डिसेंबर २०१९ रोजी, म्हणजे नाताळच्या बारा दिवसांच्या ऐन मध्यावर, बेटाची वीज तोडण्यात आली आणि सरकारी फेरीसेवा बंद झाली. वर्षभर राहणारे जेमतेम पन्नासेक लोक उरले होते. बहुतेकांनी घरे बंद केली आणि ते निघून गेले. घरांवरची मालकी त्यांच्याकडेच राहिली, त्यामुळे उन्हाळ्यात काही जण परततात. ममरिंगचा मोसम मात्र हिवाळ्यातला आहे.

परेडमुळे प्रथा वाचली, असे म्हणता येईल का?

याबाबत न्यूफाउंडलंडमध्येही दोन बाजू आहेत. परेडमुळे हजारो मुलांना सोंग घेणे, वाद्य बनवणे, जुनी पावले टाकणे कळले, हे नक्की. कोणतीही लोकप्रथा बदलतच जगते आणि ममरिंगनेही नाटक, मिरवणूक, घरोघरची फेरी अशी रूपे याआधी बदललीच आहेत. परेड हे त्यातले आणखी एक रूप म्हणता येते.

पण परेडमध्ये एक गोष्ट होऊ शकत नाही. रस्त्याच्या कडेला उभा असलेला माणूस समोरून जाणाऱ्या ममरला ओळखू शकत नाही, आणि त्याने ओळखावे अशी अपेक्षाही नसते. तेथे मुखवटा पाहण्यासाठी असतो. स्वयंपाकघरात तो काढण्यासाठी असायचा. अभ्र्यामागच्या माणसाला केवळ चालीवरून ओळखायचे, तर त्याच्या शेजारी काही वर्षे काढलेली असावी लागतात, आणि ते कार्यशाळेत शिकवता येत नाही.

म्हणूनच काही लहान गावांत अजूनही होणाऱ्या घरोघरच्या फेऱ्यांना महत्त्व आहे. कामासाठी दूर गेलेली मुले नाताळला गावी येतात, आईच्या कपाटातला जुना पडदा तोंडावर ओढतात आणि शेजाऱ्यांच्या दारावर थाप मारतात. वर्षानुवर्षे बाहेर राहिलेल्या या मुलांना ओळखणे घरच्यांना पूर्वीपेक्षा कठीण जाते. अंदाज चुकतात, पुन्हा बांधले जातात, आणि अखेर कोणीतरी नाव घेते. नाव बरोबर निघाले की केकचा तुकडा पुढे येतो.